बाटलीवरचे गाव

न्हावा शेवा बंदरातल्या मालाची कागदपत्रे लावणे हे माझे तीस वर्षांचे काम. सकाळी पनवेलहून निघायचे, कस्टम एजंटच्या कचेरीत बसायचे आणि इन्व्हॉइस, पॅकिंग लिस्ट, मूळ देशाचा दाखला, बिल ऑफ एन्ट्री या कागदांचा एकमेकांशी मेळ घालायचा. वाइनविषयी मी जे शिकलो ते चाखून थोडे आणि या कागदांवरून पुष्कळ. माझे शिक्षण वाणिज्य शाखेचे, तेही अर्धवट. पण काखेती, दाओ, सांतोरिनी, ज्युरा अशी नावे इन्व्हॉइसवर दिसू लागली तेव्हा रद्दीवाल्याकडून एक जुना ॲटलास आणला आणि संध्याकाळी ती ठिकाणे शोधू लागलो. वाचनाची आणि टिपणांची सवय तिथून लागली.

या कागदांनी मला पहिली गोष्ट शिकवली ती अशी : गाव जितके लहान, तितका भाव मोठा. एखाद्या इन्व्हॉइसवर नुसते देशाचे आणि एका मोठ्या कंपनीचे नाव असते. तिथे बाटलीची किंमत सर्वांत कमी. दुसऱ्यावर प्रांताचे नाव येते, किंमत चढते. तिसऱ्यावर एका खेड्याचे, कधी त्या खेड्यातल्या एका उताराचे नाव आणि खाली एका घराण्याचे आडनाव. तिथे किंमत कुठल्या कुठे गेलेली असते. नियमाला अपवाद आहेत, पण तीस वर्षांत तो मोडलेला मी फार वेळा पाहिला नाही.

दुसरी गोष्ट उलट्या दिशेच्या कागदांनी शिकवली. जानेवारी ते एप्रिल या काळात याच बंदरातून नाशिकची द्राक्षे रीफर कंटेनरमधून युरोपला जातात. त्यांच्यासाठी अपेडाने २००६ च्या सुमारास ‘ग्रेपनेट’ नावाची नोंदव्यवस्था उभी केली. प्रत्येक बागेची नोंदणी, फवारलेल्या औषधांच्या अंशांची तपासणी आणि पेटीवरच्या क्रमांकावरून थेट शेतकऱ्याच्या प्लॉटपर्यंत जाण्याची सोय. रॉटरडॅमच्या गोदामातल्या माणसाला हवे असेल तर हातातला घड दिंडोरी तालुक्यातल्या कोणत्या बागेतला, हे शोधता येते. मुंबईच्या दुकानातून नाशिकची वाइन घेणाऱ्या मला मात्र तिच्यातली द्राक्षे कोणाच्या बागेतली हे बाटली उलटसुलट करूनही सहसा कळत नाही.

या लेखाचा विषय एवढाच आहे. जगाच्या कानाकोपऱ्यातल्या, एकेका कुटुंबाने चालवलेल्या वाइनरी शोधून काढण्याचा छंद आता आपल्याकडेही रुजतो आहे. पण जगाच्या नकाशावर असा एक अनोळखी प्रदेश म्हणजे आपला महाराष्ट्रच आहे. तो ओळखीचा व्हायचा असेल, तर बाटलीवर गावाचे आणि बाग राखणाऱ्याचे नाव यावे लागेल. ते का आले नाही आणि न आल्याने काय झाले, याचा हा शोध.

कापिशीपासून पनवेलपर्यंत

गावाच्या नावाने वाइन ओळखणे ही फ्रेंचांची कल्पना आहे असे मीही समजत होतो. कौटिल्याच्या अर्थशास्त्रातल्या सुराध्यक्षाच्या प्रकरणाने तो समज दूर केला. तिथे द्राक्षरसापासून केलेल्या मद्याला ‘मधु’ म्हटले आहे आणि त्याची दोन नावे दिली आहेत : कापिशायन आणि हारहूरक. ही नावे ज्या प्रदेशातून ते येते त्या प्रदेशांची आहेत, असा खुलासाही तिथेच आहे. कापिशी म्हणजे आजच्या अफगाणिस्तानातल्या बेग्रामचा परिसर. त्याआधी पाणिनीने कापिशी या नगरनामापासून ‘कापिशायन’ शब्द साधण्यासाठी स्वतंत्र सूत्र केले आणि टीकाकारांनी त्याची उदाहरणे दिली ती तिथल्या मधूची व तिथल्या द्राक्षांची. म्हणजे आपल्या व्याकरणानेच या पेयाला गावाचे नाव लावून ठेवले होते.

दख्खनमध्येही द्राक्ष नवखे नाही. चौदाव्या शतकात आलेल्या इब्न बतूताने दौलताबादच्या द्राक्षांची आणि डाळिंबांची नोंद केली आहे. ती वर्षातून दोनदा पिकतात, याचे त्याला विशेष वाटले. या ‘दोनदा’कडे आपल्याला पुढे परत यायचे आहे.

कोकणात मात्र द्राक्ष पिकत नाही. तरीही पनवेलला द्राक्षरसाचा एक जुना धागा आहे. आमच्या गावात बेने इस्रायल समाजाचे एकोणिसाव्या शतकातले प्रार्थनामंदिर आहे. शुक्रवारी संध्याकाळी शब्बाथ सुरू होताना घरोघरी द्राक्षरसाच्या पेल्यावर आशीर्वाद म्हणायचा, ही ज्यू रीत. पण शेकडो वर्षे कोकणच्या किनाऱ्यावर राहणाऱ्या या लोकांना द्राक्षे कुठून मिळणार? त्यांनी मनुकांवर वाट काढली. माझ्या लहानपणी शेजारच्या एक मावशी काळ्या मनुका भिजत घालायच्या, हाताने कुस्करून फडक्यातून गाळायच्या आणि त्या सरबतावर किद्दुश व्हायचा. उरलेले आम्हा पोरांना मिळे. पुढे त्यांचे कुटुंब, या समाजातल्या बहुसंख्य कुटुंबांसारखेच, इस्रायलला गेले. आडनावे मात्र तिथेही हीच : पेणकर, रोहेकर, नवगावकर, पनवेलकर. माणूस गाव सोडून गेला तरी गावाचे नाव त्याला सोडत नाही. आपल्या द्राक्षाच्या बाबतीत हे का घडले नाही, हा प्रश्न मला त्या आडनावांवरूनच सुचला.

एकच गिऱ्हाईक असलेले पीक

खाण्याच्या द्राक्षांत आपण ही चूक केलेली नाही. तासगावजवळच्या बोरगावचे वसंतराव आर्वे यांनी आपल्या बागेत थॉमसन सीडलेसमधून एक वेगळी काडी निवडली. ती ‘तास-ए-गणेश’ म्हणून देशभर गेली. सोलापूरजवळच्या नान्नजचे नानासाहेब काळे यांनी ‘सोनाका’ दिली. तिच्या नावातच सोलापूर, नान्नज आणि काळे आहेत. हे शेतकरी स्वतःच्या डोळ्यांनी वाण ओळखणारे होते आणि त्यांचे नाव वाणाला चिकटले.

वाइनची द्राक्षे वेगळी. मणी लहान, साल जाड, आत बिया. खाण्याच्या द्राक्षाला फुगवण लागते, म्हणून जिब्रेलिकचे डिप द्यायचे, विरळणी करायची. वाइनच्या द्राक्षाला फुगवण नको, कारण रंग आणि चव सालीत असते; मणी जितका लहान तितकी रसाच्या मानाने साल जास्त. उत्पन्नही मुद्दाम कमी ठेवायचे. थॉमसनचे एकरी दहा टन घेणारा बागायतदार इथे चार-पाच टनांवर थांबतो आणि घड गोडीला पुरते चढेपर्यंत वाट पाहतो.

त्यात आपले हवामान. युरोपात हिवाळ्यात वेल झोपते. तिची एकदाच छाटणी होते आणि ऑगस्ट ते ऑक्टोबरमध्ये पीक येते. आपल्याकडे वेलीला झोपवणारी थंडी नाही. म्हणून एप्रिलमध्ये खरड छाटणी करून काडी तयार करायची आणि सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये गोडी छाटणी करून त्या काडीवर फळ घ्यायचे. छाटले नाही तर वेल वर्षातून दोनदा फळावर येऊ पाहते. इब्न बतूताला नवल वाटले ते हेच असावे. डिसेंबरअखेर ते मार्च हा आपला तोडणीचा काळ. जगातले बहुतेक द्राक्षमळे तेव्हा एकतर झोपलेले असतात किंवा कच्च्या घडांवर असतात.

हे सारे शेतकरी शिकतो. अडचण दुसरीकडे आहे. थॉमसनला तीन वाटा असतात : निर्यात, देशातला बाजार आणि काहीच नाही जमले तर शेडवर वाळवून बेदाणा. शिराज किंवा काबर्ने सोव्हिन्यों कोणी टोपलीत मांडून विकू शकत नाही. बियांमुळे त्यांच्या बेदाण्यालाही बाजार नाही. त्यांना गिऱ्हाईक एकच, वाइनरी. तिने पाठ फिरवली की माल वेलीवर कुजतो.

दादाचे दोन एकर

माझा मामेभाऊ दिंडोरी तालुक्यात बागायतदार आहे. मी त्याला दादा म्हणतो. २००५ साली त्याने दोन एकरांतली थॉमसन काढून शिराज लावली, डॉगरिजच्या खुंटावर कलम करून. मांडव उतरवला आणि कुंपणासारख्या उभ्या तारा ताणल्या. शिराज हे नाव इराणच्या शहराचे, त्यामुळे वाण मुसलमानी मुलखातून आला असे तो सगळ्यांना सांगे. प्रत्यक्षात गेल्या शतकाच्या अखेरीस झालेल्या डीएनए तपासणीत त्याचे आईबाप फ्रान्समधले निघाले. मी हे त्याला सांगितले तेव्हा तो म्हणाला, “बाप कोणीबी असू दे, पाणी तर माझंच पितो ना.”

ते दिवस उत्साहाचे होते. त्याआधी १९८० च्या दशकात शामराव चौगुले यांच्या इंडेजने नारायणगावात फ्रेंच तंत्रसाहाय्याने ‘ओमर खय्याम’ ही फेसाळ वाइन करून ती परदेशात विकून दाखवली होती. कॅलिफोर्नियात शिकून परतलेल्या राजीव सामंत यांनी नाशिकजवळच्या कुटुंबाच्या जमिनीवर सुला उभी केली आणि २००० मध्ये पहिली वाइन बाजारात आणली; कंपनीचे नाव आईच्या, सुलभाच्या, नावावरून. २००१ मध्ये राज्य सरकारने द्राक्ष प्रक्रिया उद्योगाचे धोरण जाहीर केले. वाइनरीला लघुउद्योगाचा दर्जा, राज्यातल्या द्राक्षांच्या वाइनला दहा वर्षे उत्पादन शुल्क माफ, नाशिक जिल्ह्यात विंचूरला आणि सांगली जिल्ह्यात पलूसला वाइन पार्क. काही वर्षांत वाइनरी डझनांनी उभ्या राहिल्या. त्यांतल्या अनेक बागायतदारांनी कर्ज काढून उभारल्या होत्या.

वाइन करणे आणि विकणे यांत किती अंतर असते, हे पुढे कळले. द्राक्षे फेब्रुवारी-मार्चच्या वाढत्या उन्हात येतात, म्हणून रस थंड ठेवणाऱ्या पोलादी टाक्या लागतात. विजेचे बिल आज येते आणि तांबड्या वाइनचे पैसे दोन-तीन वर्षांनी. राज्याबाहेर पाठवायची तर प्रत्येक राज्यात लेबलची वेगळी नोंदणी, वेगळे शुल्क. मोठ्या कंपनीला हे झेपते. चार टाक्यांच्या वाइनरीला नाही. २००८ ची मंदी आली, त्याच नोव्हेंबरात मुंबईवर हल्ला झाला आणि हॉटेले ओस पडली. टाक्या भरलेल्या राहिल्या. भरलेल्या टाकीत नवा रस घालता येत नाही, म्हणून नवी द्राक्षेही कोणी घेईना.

दादाचा करार जिल्ह्यातल्या एका नव्या वाइनरीशी होता, दहा वर्षांचा, स्टँपपेपरवर. ती आता नाही आणि तिचे नाव मी देत नाही. २००७ आणि २००८ ला पैसे मिळाले. २००९ ला निम्मा माल घेतला, त्याचे पैसे आजवर आलेले नाहीत. २०१० ला “टाक्या रिकाम्या नाहीत” एवढाच निरोप आला. त्या मार्चमध्ये मी त्याच्याकडे गेलो होतो. वेलींवर काळे घड लटकत होते आणि पाखरे सोडून त्यांना कोणी हात लावत नव्हते. एप्रिलमध्ये खरड छाटणीच्या दिवसांत त्याने जेसीबी लावून वेली मुळासकट काढल्या.

२००८ च्या दोन बाटल्या त्याला वाइनरीने भेट दिल्या होत्या. एक माझ्या कपाटात आहे. आतली वाइन कधीच उतरली असेल. लेबलवर एक इंग्रजी नाव, सोनेरी वेलबुट्टी आणि कंपनीचा पत्ता. ज्याच्या बागेतून रामशेजचा किल्ला दिसतो, त्या माणसाचा किंवा त्याच्या गावाचा उल्लेख नाही. वाइनरी बुडाली तेव्हा दादाची शिराज चांगली होती हे जगात कोणालाच ठाऊक नव्हते, म्हणून दुसरे कोणी ती मागायला आले नाही.

घराण्यांच्या बागा

त्या पडझडीतून काही कुटुंबे तगली. कशी तगली हे पाहण्यासाठी मी गेली बारा-तेरा वर्षे सुटीत फिरतो आहे.

निफाडजवळ कुंदेवाडीला पाटील कुटुंबाची ‘रेवेलो’ आहे. निरो दावोला आणि ग्रिलो ही सिसिलीची द्राक्षे त्यांनी कादवेच्या खोऱ्यात लावली. इगतपुरीजवळ कावनईला, मुकणे धरणाच्या पाण्याशेजारी, शैलेंद्र पै यांची ‘व्हॅलोने’ आहे. माल थोडा आणि लक्ष सगळे बागेवर. सोलापूर जिल्ह्यात अकलूजजवळ ‘फ्रातेली’ आहे. फ्रातेली म्हणजे इटालियनमध्ये भाऊ. अकलूजचे मोहिते-पाटील, दिल्लीचे सेखरी आणि इटलीचे सेच्ची अशा तीन घरांतल्या भावांनी मिळून ती उभी केली. गंगापूर धरणाच्या काठी गुरनानी कुटुंबाने ‘यॉर्क’ काढली. नाव इंग्लंडच्या शहराचे वाटते, पण ती योगिता, रवी आणि कैलाश या तीन मुलांची आद्याक्षरे आहेत. २०२१ मध्ये सुलाने यॉर्क विकत घेतली. पुढच्याच वर्षी, डिसेंबर २०२२ मध्ये, सुला शेअर बाजारात आली.

या सर्वांत मला दोन गोष्टी समान दिसल्या. पहिली, निदान काही बाग स्वतःची किंवा स्वतःच्या देखरेखीखालची. दुसरी, गिऱ्हाईक दारापर्यंत येते, बाग पाहते आणि बाटली घेऊन जाते. दारात विकलेल्या बाटलीत वितरकाचा वाटा नसतो आणि गिऱ्हाइकाच्या मनात गावाचे नाव राहते. कुंदेवाडी किंवा कावनई हे शब्द मुंबईच्या माणसाने उच्चारावेत, यातच त्या घरांची पत आहे.

गावाचे नाव लेबलवर आणण्याची उदाहरणेही आहेत. ‘चारोसा’ हे दिंडोरी तालुक्यातल्या गावाचेच नाव. सुलाची ‘दिंडोरी रिझर्व्ह शिराज’ बरीच वर्षे बाजारात आहे. ‘नाशिक व्हॅली वाइन’ला भौगोलिक मानांकनही मिळालेले आहे. पण करारावर द्राक्षे पिकवणाऱ्या शेतकऱ्याचे नाव असलेली बाटली माझ्या पाहण्यात आलेली नाही.

शॅम्पेनचा दंगा, काखेतीचे रांजण

हे भांडण जगात जुने आहे. पुण्यात नानासाहेब पेशवे असताना, १७५६ साली, पोर्तुगालच्या पोंबालने दौरू खोऱ्याची हद्द आखून दगडी खांब रोवले; त्या खांबांच्या आतलीच पोर्ट वाइन खरी. शॅम्पेनमध्ये मात्र हद्द रक्त तापवून ठरली. तिथे द्राक्षे पिकवणारे हजारो छोटे शेतकरी आणि वाइन करून विकणारी मोजकी मोठी घराणी. ही घराणी बाहेरून स्वस्त द्राक्षे आणि वाइन आणून तिला शॅम्पेन म्हणतात, अशी शेतकऱ्यांची तक्रार होती. १९१० चे पीक बुडाले आणि १९११ मध्ये शेतकरी रस्त्यावर आले. तळघरे फोडली, पिंपे रस्त्यात ओतली, इमारती जाळल्या; सरकारला सैन्य पाठवावे लागले. प्रदेशाची हद्द कायद्याने पक्की व्हायला १९२७ उजाडले.

त्या झगड्याची खूण आजही प्रत्येक शॅम्पेनच्या लेबलवर बारीक अक्षरांत असते. ‘एनएम’ म्हणजे द्राक्षे विकत घेऊन वाइन करणारा व्यापारी. ‘आरएम’ म्हणजे स्वतःच्या बागेची स्वतः वाइन करणारा शेतकरी. दोन अक्षरे, पण ती वाचता येणारे गिऱ्हाईक हळूहळू तयार झाले आणि अनोळखी शेतकरी-घराण्यांच्या शॅम्पेनला स्वतःचा बाजार मिळाला. वाचकांपैकी कोणी परदेशात दुकानात उभे राहिले तर किमतीआधी ही अक्षरे पाहावीत. इतर फ्रेंच बाटल्यांवर ‘मी झाँ बुतेय ओ दोमेन’, म्हणजे मळ्यातच बाटलीबंद, असे शब्द शोधावेत.

मला सर्वांत जवळचे वाटते ते जॉर्जियाचे उदाहरण. काळ्या समुद्राच्या पूर्वेचा हा छोटा देश. तिथे सापडलेल्या मातीच्या भांड्यांच्या खापरांत सुमारे आठ हजार वर्षांपूर्वीच्या वाइनचे अंश असल्याचे २०१७ मध्ये जाहीर झाले. तिथली पद्धत अशी : ‘क्वेव्री’ नावाचे मोठे मातीचे रांजण गळ्यापर्यंत जमिनीत पुरायचे, त्यांत रस, साल, बिया सगळे एकत्र घालून तोंड बंद करायचे आणि महिनोन्‌महिने तसेच ठेवायचे. काखेती प्रांतात गावोगावी घराला लागून असे तळघर असते. २०१३ मध्ये युनेस्कोने ही पद्धत मानवजातीच्या वारशात नोंदवली.

सोव्हिएत काळात वाइन सरकारी कारखान्यांत गेली आणि रांजण घरच्या वापरापुरते उरले. देश स्वतंत्र झाल्यावरही बहुतेक निर्यात एकट्या रशियाला होत होती. २००६ मध्ये रशियाने जॉर्जियाच्या वाइनवर बंदी घातली. एका फटक्यात गिऱ्हाईक गेले, आमच्या दादासारखेच. फरक पुढे पडला. जॉर्जियाकडे गावांची नावे होती : त्सिनानदाली, मुकुझानी, किंझ्मराउली. सापेरावी आणि र्कात्सितेली ही स्वतःची द्राक्षे होती आणि घरोघरी रांजण होते. त्यांनी नवे बाजार शोधले आणि जगातल्या चोखंदळ गिऱ्हाइकांनी त्या घरांची नावे विचारत जायला सुरुवात केली. २०१३ मध्ये रशियाचा बाजार पुन्हा उघडला, पण तोवर इतर देशांच्या वाटा खुल्या झाल्या होत्या. माझ्या टेबलावर काखेतीचा पहिला इन्व्हॉइस आला तो या दरम्यानच.

नाव काय चाटायचंय?

हा सगळा शोध मी दादाला सांगितला. त्याने शांतपणे ऐकले आणि म्हणाला, “नाव काय चाटायचंय? पैसे वेळेवर दे म्हणावं.”

त्याचे म्हणणे डावलता येणार नाही. करारशेतीत शेतकऱ्याला टाक्या, वीज, व्याज, लेबल-नोंदणी यांची जोखीम घ्यावी लागत नाही, आणि वाइनरी भक्कम असेल तर ठरलेला भाव मिळतो. नाशिक परिसरात आज अनेक कुटुंबे अशा करारांवर नीट उभी आहेत. स्वतःची वाइनरी काढून बुडालेल्यांपेक्षा ती कितीतरी सुखी आहेत. नाव छापले म्हणून धनादेश वटतोच असे नाही.

पण नावाचे एक काम असते, ते म्हणजे दुसरे गिऱ्हाईक आणणे. कॅलिफोर्नियाच्या नापा खोऱ्यात अँडी बेकस्टॉफर नावाचे बागायतदार आहेत. ते मुख्यतः द्राक्षे विकतात. त्यांच्या ‘टो कलॉन’ बागेची द्राक्षे अनेक वाइनरी घेतात आणि बागेचे नाव बाटलीवर छापतात. भावाचे त्यांचे सूत्र प्रसिद्ध आहे : एक टन द्राक्षांची किंमत बाटलीच्या किमतीच्या शंभरपट. बाटली महागली की द्राक्षही महागते. हे सूत्र आपल्याकडे जसेच्या तसे चालेल असे मी म्हणत नाही. पण लेबलवर बाग आहे म्हणूनच तो माणूस असे बोलू शकतो. एका वाइनरीने नाही म्हटले तर दुसरी रांगेत असते.

हे आता तातडीचे आहे, याला कारण माझ्याच टेबलावरचे कागद. आयात वाइनवर आपल्याकडे १५० टक्के सीमाशुल्क होते आणि त्या भिंतीआड इथला उद्योग वाढला. २०२२ च्या डिसेंबरअखेर ऑस्ट्रेलियाशी करार लागू झाला. बाटली ५ डॉलरपेक्षा महाग असेल तर शुल्क १०० टक्क्यांवर आले आणि दहा वर्षांत ते ५० वर यायचे आहे. १५ डॉलरवरच्या बाटलीला सवलत आणखी मोठी. भिंत खचते तेव्हा बिननावाचा माल पहिल्यांदा वाहून जातो.

राज्यातली चर्चा मात्र वेगळ्याच जागी अडकली. जानेवारी २०२२ मध्ये मंत्रिमंडळाने सुपरमार्केटमध्ये वाइन विकायला परवानगी देण्याचा निर्णय घेतला आणि वाइन दारू की नाही यावर महिनाभर वादळ उठले. निर्णय अमलात आला नाही. माझ्या मते वाइन दारूच आहे आणि ती कोणी प्यावी असा माझा आग्रह नाही. मी स्वतः महिन्यातून एखादा पेला घेतो. पण त्या सबंध वादात दोन्ही बाजू शेतकऱ्याचे नाव घेत होत्या आणि बाटलीवर ते नाव असावे, असे कोणी म्हटल्याचे माझ्या वाचनात आले नाही.

करायचे काय, ते फार अवघड नाही. ग्रेपनेटने वीस वर्षे हे काम करून दाखवले आहे. बागेचा क्रमांक निर्यातीच्या पेटीवर येऊ शकतो, तर मागच्या लेबलवर दोन ओळी येऊ शकतात : द्राक्षे कोणत्या गावची, बाग कोणाची. आणि गिऱ्हाइकाने दुकानात, हॉटेलात, वाइनरीच्या गच्चीवर, हेच दोन प्रश्न विचारावेत. शॅम्पेनची दोन अक्षरे कायद्याने छापली गेली, पण त्यांना किंमत आली ती विचारणाऱ्यांमुळे.

दादाच्या शेतात आता पुन्हा निर्यातीची द्राक्षे आहेत. गेल्या फेब्रुवारीत त्याचा कंटेनर आमच्याच बंदरातून गेला. पेट्यांवर त्याच्या प्लॉटचा क्रमांक होता. त्याच्या मुलाला मात्र अर्धा एकर शिराज लावायची आहे. एका वाइनरीशी बोलणे चालू आहे. कराराचा मसुदा त्याने माझ्याकडे पाठवला, काका कागद वाचणारा माणूस आहे म्हणून. मी तीन अटी सुचवल्या. पैसे तोडणीनंतर किती दिवसांत, ती तारीख लिहावी. वाइनरीने माल नाकारला तर त्याच दिवशी दुसऱ्याला विकायची मोकळीक असावी. आणि लेबलवर गावाचे व बागेचे नाव असावे.

पोराने त्या वडिलांना वाचून दाखवल्या. रात्री दादाचा फोन आला. म्हणाला, “तिसरी अट राहू दे. पण तिसरीच राहू दे, वर घेऊ नको.”

मी क्रम बदललेला नाही.